भरतेशचा नेम

माधवनगरचा भरतेश पाणी गाळून प्यायचा, दिवस मावळल्यावर घास घ्यायचा नाही, आणि मैदानावर माणसांचे दात पाडायचा. आधी रेल्वेकडून, मग लीगमध्ये पगारी खेळाडू म्हणून आम्ही दोघं बरोबरच बास्केटबॉल खेळलो. चेंडूसाठी उडी मारताना त्याचा उजवा कोपर असा फिरायचा, की समोरचा नाक धरूनच खाली यायचा. लोक शिट्ट्या वाजवायचे. मीही वाजवायचो, खोटं कशाला बोलू?

मग एका सामन्यात त्या कोपरानं एका पोराचा डोळा गेला. भरतेशनं खेळ सोडला आणि मुनी महाराजांपुढे नेम घेतला, की यापुढे कुणावर हात उचलणार नाही. करून करून भागला अन् देवपूजेला लागला, असं मी त्याला तोंडावर म्हणालो होतो.

यंदा तो सांगलीच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि मला हाताखाली घेतलं. पहिल्याच दिवशी त्यानं पोरांना सांगितलं, "जो कोपर मारंल, त्यो भाईर. मग हरलो तरी चालंल."

फलटणला फायनल साताऱ्याशी. त्यांनी सुरुवातीपासून आमच्या शिवतेजला बडवला. ओठ फाटला, भुवई फुटली, पंच ढिम्म. माझं डोकं नुसतं भणभणत होतं. दोन मिनिटं उरली, आम्ही तीन गुणांनी पुढे, आणि शिवतेजनं उडी मारून कोपर फिरवला. हुबेहूब भरतेशचा. साताऱ्याचं पोरगं तोंड धरून कोसळलं, फरशीवर रक्त आणि दात. आमचे लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले.

पंचांनी नुसता फाऊल दिला. भरतेशनं मात्र शिवतेजला बाहेर काढलं.

मी त्याचा दंड धरला. "गड्या, येडा हायस का? जित्तोय आपण!"

"ह्या टाळ्या त्याला गोड लागल्या, तर जलमभर हाणत बसंल," भरतेश म्हणाला. "माज्यासारका."

एका गुणानं हरलो.

मैदानामागं आमच्याच लोकांनी त्याला गाठलं. झेंड्याच्या काठ्या पाठीत, मग गुडघ्यावर. तो पडला तशा लाथा बसल्या. मला तिघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. मी शिव्या देत होतो आणि रडत होतो. भरतेशनं हात पाठीमागं एकात एक घट्ट अडकवून ठेवले होते.

शिवतेज लोखंडी खुर्ची उगारून धावत आला.

"ठेव ती," भरतेश रक्त थुंकत म्हणाला. "आज तू हाणलंस, तर ह्यो मार मी फुकट खाल्ला बघ."

पोरगं जागीच थांबलं. मग त्यानं खुर्ची खाली टाकली आणि भरतेशच्या अंगावर आडवं पडलं. पुढची काठी त्याच्या पाठीवर बसली. त्यानं हात उचलला नाही.