धोंडिबाच्या नावाचा पंजा

ज्या वर्षी झुंबराबाई तळप्यांची वैजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या वर्षी धामणवाडीच्या नव्या सावडघराची भिंत माणसांचे तास ठेवून घ्यायला लागली. तासभर राबायचं, टोल पडला की ओल्या भिंतीवर पंजा उमटवायचा आणि आपलं नाव घ्यायचं. तो तास अंगातून निघून भिंतीत जायचा. त्या तासाचा घाम, पाठदुखी, बोलणं, सगळं त्याच्याबरोबर जायचं. कोंडाजी लोहकरे दिवसभर चिखल वाहून घरी यायचा तो न्हाऊन आल्यासारखा. बायकोने विचारलं, आज काय केलंत, तर म्हणायचा, "मला काय ठावं? भिंतीला विचार." भिंतीला कान लावला की आत कोंडाजी शिव्या देताना ऐकू यायचा.

कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. डोंगरातल्या त्या वाडीत सावड पूर्वीपासूनची. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. पत्र्याचं जुनं समाजमंदिर वाऱ्याने उडालं तेव्हा पुण्याहून आलेल्या आर्किटेक्ट बाईंनी सांगितलं होतं, माती, बांबू, चुना आणि हिरड्याचं पाणी एवढ्यावर घर उभं करा, उन्हाळ्यात गार राहील, आणि उद्या पडलंच तर मातीत मिसळून जाईल, मागे कचरा उरणार नाही. फक्त प्रत्येकाचे तास नीट धरा, म्हणजे कोणावर अन्याय व्हायचा नाही. तास धरायचं काम भिंतीनेच अंगावर घेतलं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

टोल द्यायचं काम झुंबराबाईकडे होतं. तिचा गुडघा गेलेला, घमेलं उचलवत नव्हतं. चिंचेला लोखंडी रुळाचा तुकडा टांगला होता आणि तिच्या हातात हातोडी होती. ती टोल देईपर्यंत तास संपत नसे. एकदा तिला उन्हात डुलकी लागली, तर सूर्य चिंचेच्या शेंड्याला तसाच अडकून बसला आणि माणसं चिखल तुडवत राहिली. शेवटी कोंडाजीने हाक मारली, "झुंबरवैनी, जागी हो, नायतर आमचा जन्म ह्याच चिखलात जायचा!"

एका दुपारी कामाचा म्होरक्या मारुती केंगले तिच्यापाशी येऊन बसला. विडी काढली, पण पेटवली नाही.

"वैनी, तुमच्या घरचा एकबी पंजा नाय."

"मग मी इथं काय माश्या मारते?"

"टोल देणारीचा तास धरीत नसतात. नायतर उद्या देवळातली घंटा हजेरी मागंल."

चिखल तुडवणाऱ्या बायका हसल्या. झुंबराबाईही हसली.

"वैजूचा धरा मग."

"वैजू सासरची. तिचा तास तिकडं."

मारुतीचं खोटं नव्हतं. ज्या घराचा पंजा नाही त्या घरच्या माणसाला त्या भिंतीत दारच दिसत नसे. बायका पाणी घेऊन आत जायच्या, बाहेर यायच्या, आणि झुंबराबाईला दिसायची नुसती सपाट भिंत, तिच्यात शिरणाऱ्या आणि तिच्यातून निघणाऱ्या बायका. घरी तिचा नवरा धोंडिबा खाटेवर होता. श्वास घेताना त्याच्या छातीत भाता चालायचा. त्याचं एकच मागणं होतं. नातवंडाचं बारसं सावडघरात करायचं, त्याने ते मांडीवर घ्यायचं, मग खुशाल कुठेही न्या. आणि त्या घराला तर त्याच्यासाठी दार नव्हतं.

"धोंडिबाचा धरा," ती म्हणाली.

"तो खाटंवर हाये."

"खाटंवरचं माणूस माणूस नसतं व्हय? त्याच्या नावानं मी देते."

सावडीत हे चालतं. घरचा माणूस आजारी असेल तर त्याच्या नावाने दुसरा उभा राहतो. कोंडाजीची बायको तेवढ्यापुरती हातोडी घेऊन चिंचेखाली बसली. झुंबराबाईने गुडघ्याला फडकं बांधलं, तासभर चिखल तुडवला, टोल पडल्यावर पंजा उमटवला आणि नाव घेतलं, "धोंडिबा लक्ष्मण तळपे." भिंतीवर उमटला तो मोठा रुंद पंजा होता, करंगळीचं टोक नसलेला. धोंडिबाची करंगळी तरुणपणी विळ्याने गेली होती. झुंबराबाईने आपला हात पाहिला. तो स्वच्छ होता. भिंतीत आता दार होतं.

घरी आली तर धोंडिबा नखांतली माती काडीने काढत बसला होता.

"आजची दुपार कुठं गेली गं?" त्याने विचारलं. "जेवण झालं आन् एकदम दिवा लागला."

"झोपला असशील."

"झोप कसली! चिखल तुडवीत होतो. कोंडाजी शिव्या घालत होता. लई दिवसांनी बरं वाटलं."

त्याला बरं वाटलं म्हणून तिने दुसऱ्या दिवशीही त्याच्या नावाने पंजा दिला, आणि पुढेही देत राहिली. धडधाकट माणसाला रात्रीच्या झोपेतून नवे तास फुटायचे. खाटेवरच्या माणसाला ते फुटले नाहीत. धोंडिबाची दुपार गेली ती परत आलीच नाही. मग संध्याकाळ गेली, मग सकाळचं उन्ह. सावडघराचा तळप्यांचा कोपरा हात हात वर चढत होता, आणि घरी धोंडिबा डोळे उघडायचा, चहा मागायचा, चहा संपला की त्याची रात्र व्हायची. बाहेर कोंबडा आरवत असला तरी खाटेवर अंधार असायचा. हात घातला तर गार लागायचा.

"आई," वैजू पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाबांना दिवसच उरला नाय. तू काय करून बसलीस?"

झुंबराबाई खुरपं घेऊन सावडघराकडे गेली. तिने शेवटच्या पंज्याची कड हलकेच खरवडली. मारुती धावत आला.

"वैनी, येडी झालीस का? एक तास काढला तर वरचे समदे खाली येतील. त्यात माझ्या मेलेल्या आईचे तास हायेत. तिचं गाणं हाय त्यात."

तिने खुरपं खाली टाकलं. घरी गेली तेव्हा धोंडिबाच्या तळव्याची कड सोललेली होती. त्यानंतर तिने त्याच्या नावाने पंजा दिला नाही. त्याला रोजचा तेवढा चहापुरता तास राहिला. त्या तासात तो विचारायचा, "झालं का?" आणि वैजू म्हणायची, "अजून नाय, बाबा."

वैजूला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं आणि त्याच दिवशी सावडघराचं आढं चढवायचं ठरलं. सकाळी मारुती दारात आला.

"तुमच्या कोपऱ्यात एक पंजा कमी पडतोय. बाकी कुणाचा तिथं चिकटत नाय, चिखल गळून पडतो. एवढं लांब आढं, बसायचं कशावर?"

धोंडिबा चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली.

"माझा घ्या," तो म्हणाला.

"तुझ्याकडं एकच हाय," झुंबराबाई म्हणाली.

"मग एकच घ्या. पर तेवढा तास नात माझ्या मांडीवर पायजेल. झुंबरे, टोल तूच दे. दुसऱ्या कुणाच्या हातानं नको."

चौघांनी खाट उचलली. सावडघराचं दार धोंडिबाला लांबूनच दिसलं आणि तो लहान पोरासारखा हसला. खाट त्याच्या कोपऱ्याला लावली. वैजूने दुपट्यात गुंडाळलेली मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. वाडीतल्या पुरुषांनी आढं खांद्यावर घेतलं आणि कोपऱ्यापाशी उभे राहिले. बायकांनी पाळण्याची दोरी धरली. वैजू मुलीच्या कानात नाव सांगायला वाकली. झुंबराबाई बाहेर चिंचेखाली गेली आणि हातोडी धरून उभी राहिली. उघड्या दारातून तिला खाट दिसत होती.

तास भरला. तिने टोल दिला नाही.

सूर्य चिंचेच्या शेंड्याला थांबला. धोंडिबा मुलीच्या तळव्यावर बोट फिरवत होता. त्याच्या छातीतला भाता चालत होता. झुंबराबाई तो ऐकत होती. आढं खांद्यावर घेतलेल्या माणसांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. पाळण्याच्या दोरीने बायकांच्या हातांना वळ पडले. वैजू वाकलेलीच राहिली. नाव तिच्या ओठांवर होतं, ते कानात उतरेना.

"वैनी, टोल द्या," मारुती आतून म्हणाला.

ती हलली नाही.

"झुंबरवैनी, खांदा निखळला माझा," कोंडाजी म्हणाला. त्याच्या तोंडात शिवी उरली नव्हती.

मुलगी रडायला लागली. वैजूची चोळी कोरडी होती. त्या तासाच्या पुढे दूध उतरत नव्हतं.

"आई, ती भुकेली हाय. आई, दे ना गं टोल."

मुलीचा आवाज बारीक होत गेला, मग तिचं तोंड नुसतं उघडायला लागलं, आवाजाशिवाय. धोंडिबाने मान वळवून दाराबाहेर पाहिलं. एका हाताने त्याने मुलीला घट्ट धरलं आणि दुसरा हात ओल्या भिंतीजवळ नेऊन ठेवला.

झुंबराबाईने टोल दिला.

आढं कोपऱ्यावर बसलं आणि हललं नाही. वैजूने मुलीला छातीशी घ्यायला उचललं, तर दुपटं ओढलं गेलं. खाट रिकामी होती. गोधडीवर बशीएवढा ओलावा होता. भिंतीवर कोंडाजीचे, मारुतीचे, त्याच्या आईचे, साऱ्या वाडीचे पंजे उघडे होते. करंगळीचं टोक नसलेला शेवटचा पंजा तेवढा मिटलेला होता, आणि दुपट्याचं टोक त्या मातीच्या मुठीत होतं. मारुतीने ओढून पाहिलं. मग कोंडाजीने. कोणीतरी कात्री आणली, ती झुंबराबाईच्या हातात दिली, आणि सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले.

धोंडिबा लक्ष्मण तळपे नातीच्या बारशाच्या दिवशी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या टोलाला वारले.