पाव्हण्याच्या दाढा

आमच्या ह्यांची एक खोड मला लग्नापासून नकोशी झालेली आहे. काही लपवायचं असलं की हे खोकतात, अन् कोणी न विचारताच बोलायला लागतात. त्या दिवशीही तेच. मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. आतल्या खोलीतून खोकला आला, अन् पाठोपाठ, "काई नाई, असाच बसलो हाय मी इथं."

कोणी विचारलं होतं?

त्या खोलीत चिंचिला होता, माझ्या नातीचा, हर्षालीचा. आमच्या मावला गावात असलं जनावर कोणी पाहिलेलं नव्हतं. सशासारखे उभे कान, खारीसारखी शेपटी, अंग राखेच्या रंगाचं, अन् केस इतके मऊ की बोट ठेवलं तर बोटाला कळत नाही आपण टेकलो की नाही. शेजारची जयवंताबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "घूस पाळली का वं गयाबाई?"

मी म्हटलं, "तुह्या घरच्या त न पाळताच राहून राह्यल्या." तेव्हापासून ती त्याला मुकाट्यानं पाव्हणा म्हणते. मग आम्हीही पाव्हणाच म्हणायला लागलो.

हर्षाली हैदराबादला नोकरी करते. तिथं तिनं खोली बदलली, नवी घरमालकीण जनावर ठेवू देईना, म्हणून दिवाळीनंतर पिंजरा घेऊन आमच्याकडे आली. "आजी, याला गरमी सोसत नाही. आदिलाबादची थंडी मानवेल. उन्हाळ्याच्या आत मी घेऊन जाते." मी दुसरीतच शाळा सोडलेली, म्हणून तिनं सगळ्या सूचना फोनमध्ये बोलून ठेवल्या. वाळलं गवत सारखं पुढ्यात पाहिजे. अंगाला पाणी लावायचं नाही, ते धुळीत लोळून आंघोळ करतं. गोड नको, दूध नको, ताटातलं काहीही नको. मी एकदा ऐकलेलं विसरत नाही. आमच्या ह्यांनाही, म्हणजे भगवंतरावांनाही, दोनदा ऐकवलं होतं.

पण यांना ते गवत पटलंच नाही. आमच्या सासूबाईंची शिस्त होती, दारी आलेल्याला कोरडं वाढायचं नाही. भाजी भरायला गाडीवाला आला तरी त्याच्या भाकरीवर तेलाची धार नाहीतर चुलीवरचं वरण पडलंच पाहिजे. त्या गेल्या, शिस्त यांच्या अंगात राहिली. पाव्हण्यापुढं मी गवत ठेवलं की हे तोंड फिरवून बाहेर जायचे, जसं काही मी लेकीच्या सासरच्यांपुढं रिकामं ताट मांडलं.

संक्रांतीनंतर पाव्हण्याची हनुवटी ओली दिसायला लागली. गवताची टोपली भरलेली ती भरलेलीच. हर्षालीला फोन केला, ती म्हणाली डॉक्टरला दाखव. बाजार झाला की जायचं ठरवलं होतं.

अन् तेवढ्यात हा खोकला. पुढची जुडी बांधायला घेतली तर खोकला एकदम थांबला.

"गया," अशी हाक आली. आवाज यांचा नव्हताच जसा.

मी धावले. पाव्हणा आडवा पडला होता. डोळे उघडे, मान मागं ताणलेली, चारी पाय पळत असल्यासारखे हलत होते. जागेवरच पळत होता बिचारा. हे माझ्या अंगाला घासून बाहेर गेले ते एका हातात पाण्याचा तांब्या अन् दुसऱ्या हातात चप्पल घेऊन आले. आमच्याकडे कोणाला मिरगी आली की चप्पल हुंगवतात, तोंडावर पाणी मारतात. यांनी ती चप्पल पाव्हण्याच्या नाकाला लावलीसुद्धा. चप्पल त्याच्याहून मोठी.

"काय करून राह्यले तुमी? त्याचा श्वास कोंडंल ना."

"मिरगी हाय गया. सगळ्यायले असंच करतेत."

मी चप्पल हिसकली, तांब्या ओढला, अर्धं पाणी माझ्याच लुगड्यावर सांडलं. पिंजऱ्यातली लाकडी फळी काढली, डोकं आपटू नये म्हणून बाजूनं फडकी लावली, खिडकी लोटून अंधार केला. त्याला धरलं नाही. नुसती जवळ बसून राहिले. "झालं रे बाळा, झालं," म्हणत होते, ते त्याला की यांना, कोणास ठाऊक. हळूहळू पाय थांबले. पोट वरखाली होत होतं. जिवंत होता.

ऑटोत पिंजऱ्यावर चादर टाकून आम्ही गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भाग्यलक्ष्मी नाव त्यांचं. त्या तेलुगू, आम्ही मराठी, बोलणं हिंदीत. त्यांनी सरळच सांगितलं, असं जनावर त्यांच्या हाताखालून गेलेलं नाही, सशांचे दात मात्र कापले आहेत. हैदराबादच्या आपल्या सरांना त्यांनी फोन लावला, बारीक दिव्यानं तोंडात पाहिलं, पाहिलेलं त्यांना सांगत गेल्या. मग मला जवळ बोलावून दाखवलं. मागच्या दाढा वाढून तिरप्या झाल्या होत्या, एकीचं टोक जिभेत रुतलं होतं.

"अम्मा, क्या खिला रहे इसको?"

"घास," मी मान ताठ करून म्हटलं. "सिर्फ घास."

"घास खाता तो दाँत ऐसे नहीं होते." मग त्यांनी समजावलं. याच्या दाढा मरेपर्यंत वाढतात, आपल्या नखांसारख्या. कोरडं गवत रगडून रगडूनच त्या झिजतात. मऊ खाणाऱ्याच्या झिजत नाहीत.

माझ्यामागं हे खोकले.

मी वळले नाही. "बोला," म्हटलं.

"ज्वारीची भाकर," हे खालच्या आवाजात म्हणाले. "दुधात कुस्करून. कधी केळं बी. सकाळी तू बाजारात गेली की."

"कधीपासून?"

"आला तवापासून. तो दोन्ही हातानं धरून खात जाय, गया. गवताकडं पाहत बी नव्हता." मग म्हणाले, "आता भाकर बी सोडली त्यानं. दोन दिवस झाले. तू रागावशील म्हून बोललो नाई."

परक्या बाईसमोर नवऱ्याला बोलायचं नाही, एवढं मला कळतं. त्या दिवशी ते फार जड गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात अन्न नाही, अंगातली साखर उतरली असेल, त्यानं झटका आला असावा. नक्की सांगता येत नाही. आधी सलाईन देऊन ताकद आणायची, मग गुंगी देऊन दाढा घासायच्या. गुंगीतून एवढासा जीव उठेलच असं नाही. नाही घासल्या तर उपाशी मरणार. हर्षाली फोनवर रडत होती. "आजी, तूच ठरव गं."

मी यांच्याकडं पाहिलं. हे भिंतीला टेकून उभे, हातात रिकामा पिंजरा.

"घिसो," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. "भूखा नहीं मारना."

पाव्हणा उठला. दुसऱ्या दिवशी घरी आणला, सोबत गवताची बारीक पूड. पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीनं थोडी थोडी भरवायची. जिभेची जखम भरली की खऱ्या गवतावर आणायचा. बाईंनी बजावलं होतं, याचं पोट थांबलं की जनावरच थांबतं, आज काहीतरी आत गेलंच पाहिजे.

मी पदर खोचून बसले. चार लेकरं वाढवली, सासऱ्यांना अंथरुणावर भरवलं, मला कोण शिकवणार? पाव्हण्यानं पिचकारी पाहिली अन् तोंड मिटलं. बाजूनं लावली, मान फिरवली. गोड बोलले, रागावले. पुढच्या चिमुकल्या हातांनी तो पिचकारी ढकलत होता, अन् त्या ढकलण्यात जोरही नव्हता. पूड हनुवटीवरून ओघळून माझ्या मांडीवर पडत होती. दुपार कलली तरी एक घोट आत गेला नाही.

हे घरी आल्यापासून ओसरीवर बसलेले. खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. चहा नेला तर म्हणाले, "मी हात नाई लावत आता त्याले. माह्या हातानं पाप झालं."

मी पुन्हा पिचकारी भरली. बाहेर कोणीतरी यांना वांग्याचा भाव विचारला. हे दोन शब्द बोलले असतील नसतील. मांडीवरच्या पाव्हण्याचे दोन्ही कान उभे झाले, दाराकडं वळले अन् तिकडंच राहिले. हे गप्प झाले तरी तो दाराकडंच पाहत होता.

मी त्याला पदरात घेतलं, पिचकारी घेतली अन् ओसरीवर जाऊन यांच्यासमोर उभी राहिले.

"तुमी त्याले आजारी पाडलं," मी म्हटलं. "हे मी उद्या बी म्हणीन, हर्षाली आली की तिच्यापुढं बी म्हणीन, मऊ बोलणार नाई. पण हे लेकरू माह्या हातचं खात नाई, तुमची वाट पाहून राह्यलं. पस्तावा करायचा असंन त त्याचं पोट भरल्यावर करा. उठा आता, हात धुवा अन् मांडी घालून बसा."