हजार रुपये मिळाले

मित्रांनो, मी एक जुना साउंडबॉक्स आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. एवढ्या वयाचं माणसाचं मूल बालवाडीत जातं; आमच्यात एवढ्या वयाला भंगार म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकानं मोबाईलवरून पैसे पाठवले की 'पन्नास रुपये मिळाले' असा जो आवाज येतो, तो माझा. तुम्ही तो रोज ऐकता आणि माझ्याकडे बघतही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बघायचं नसतंच, ऐकायचं असतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात बॅटरी आणि सिमकार्ड बसवलं, तोंडाला जाळी लावली. आवाज मात्र एका बाईचा भरला. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. तिनं कुठेतरी बसून एकदा आकडे म्हटले आणि तेच आकडे आम्हा लाखो बॉक्सांच्या पोटात गेले. म्हणजे माझा आवाज माझ्या एकट्याचा नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते यामुळे झालं.

सोलापुरात विजापूर वेशीजवळ बडेसाबांचं अंड्यांचं दुकान आहे. तिथे मी लागलो. बडेसाबांना दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, पण दुकान गेलं नाही. दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर हलकेच टेकवायची आणि आवाजावरून तडकलेलं बाजूला काढायचं, हे काम ते डोळसांपेक्षा झटपट करत. नोटा बोटांनी ओळखत. मग नव्या नोटा आल्या आणि बोटं चुकायला लागली. लोकांच्या ते लगेच लक्षात आलं. विसाची नोट पुढे करून शंभराचे सुटे मागणारे निघाले. मित्रांनो, रोख पैसा भोळा होता असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मला दुकानात आणलं ते त्यांच्या सुनेनं, शाइस्तानं. ती मोहोळची. घरात मोबाईल नीट वापरता येणारी ती एकटीच. खातं बडेसाबांच्या नावाचं, पण त्याला नंबर जोडलेला शाइस्ताचा. तिचा नवरा हारून टेम्पो चालवायचा. पोल्ट्रीवरून अंडी आणून टाकली की दुसरी भाडी मारायला निघून जायचा. घरात सगळे दखनी बोलत. माझी भाषा मराठी लावलेली आहे, म्हणून त्यांचं बोलणं मी बहुतेक मराठीतच सांगतो.

पहिल्या दिवशी शाइस्तानं मला बडेसाबांच्या उजव्या कानाजवळ फळीवर ठेवलं. "अब्बा, नोट खोटं बोलते. हा बोलणार नाही. जेवढे आले तेवढेच सांगेल."

बडेसाबांनी मला हातात घेऊन चाचपलं. "एवढासा? आवाज केवढाय याचा?"

तेवढ्यात कुणीतरी डझनभर अंड्यांचे पैसे पाठवले आणि मी बोललो. बडेसाब लहान मुलासारखे हसले. "हा तर मुनशी आला आपल्याकडे! फळीवर नक्को, बाहेर टांग. रस्त्याकडं तोंड करून."

"कानाजवळ असू द्या अब्बा. तुमच्यासाठी आणलाय."

"गल्लीला कळू दे की बेटी, बडेसाबचं दुकान चालतंय. आंधळा झाला म्हणून बसला नाही."

मग मला पुढच्या खांबाला, गिऱ्हाईक उभं राहतं त्याच जागी, डोक्याच्या उंचीवर टांगलं. मी लावल्यापासून बडेसाबांनी एक नियम केला. मुनशी बोलला की संपलं. कुणाला मोबाईल दाखवायला लावायचा नाही, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. या नियमाचा त्यांना अभिमान होता. शेजारचा चप्पलवाला गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये डोकं घालून आकडा बघायचा, त्याला ते हसायचे. "डोळे असून काय उपयोग? मेरेकू बघ, ऐकलं की झालं."

ती माझी कौतुकाची वर्षं. दुपारी शाइस्ता जेवण घेऊन यायची. बडेसाब जेवत तेवढ्यात ती मला खाली काढून चार्जिंगला लावायची, जाळीवरची धूळ फुंकायची, पुन्हा टांगायची. माझ्या आवाजावर दुकानाची पत वाढली. माझी कंपनी आपणहून कर्ज देऊ करायला लागली. बडेसाबांनी ते घेतलं नाही, पण चार माणसांत सांगितलं मात्र.

याच काळात गुरुबसप्पांचं येणं थांबलं. गुरुबसप्पा पतसंस्थेचे पिग्मी एजंट. रोज संध्याकाळी सायकल लावायचे, "आज गल्ला किती, बडेसाबभाई?" म्हणून विचारायचे, समोर बसून हिशेब करायला लावायचे आणि त्यातले थोडे पिग्मीत भरून घ्यायचे. गेली वीसेक वर्षं. शाइस्तानं मोबाईलवर महिन्याचा हप्ता सुरू केला, म्युच्युअल फंडात. घरासाठी म्हणून, बडेसाबांना विचारून. मग पिग्मी बंद झाली.

गुरुबसप्पा हात जोडून म्हणाले, "अगदी बंद करू नका. दहा रुपयांची का होईना ठेवा. आमचं सगळं त्या कमिशनवरच चालतंय की हो."

"आता मुनशी बोलतो, बँक मोबाईलमधी बसलीय," बडेसाब म्हणाले. "तुझं काय काम? सायकल वीक आणि झोप काढ."

दुकानातले दोघंतिघं हसले. गुरुबसप्पाही हसले, कारण न हसून काय करणार? त्यानंतर रोज संध्याकाळी आकडा विचारणारं कुणी उरलं नाही. बडेसाब मी बोललेले आकडे मनात जोडत आणि घरी जाऊन अभिमानानं बेरीज सांगत.

आता मायाप्पाबद्दल. मायाप्पा मंगळवेढ्याकडचा. अशोक चौकात त्याची भुर्जीची गाडी. गडी बोलायला गोड. "चाचा, तुमच्यासारखं अंडं आख्ख्या सोलापुरात न्हाय. लई मोठं." रोज सकाळी दहाच्या सुमाराला मोपेड घेऊन यायचा. अंड्यांचा भाव रोज बदलतो, पण मायाप्पा भाव कधी विचारत नसे. "हजाराची द्या चाचा. बसतील तेवढी." बडेसाबांना हे गिऱ्हाईक फार आवडे. घासाघीस नाही, उधारी नाही, रोजचा हजार.

रोज हजारच का, हे मला एका सकाळी कळलं. मायाप्पानं पैसे पाठवले आणि मी बोलायच्या आत मोबाईल माझ्या जाळीजवळ धरला. मी बोललो, "एक हजार रुपये मिळाले." ते त्यानं मोबाईलमध्ये भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खाली उभा राहिला, मोबाईल माझ्याजवळ उंच धरला आणि बोट टेकवलं. माझाच आवाज, त्याच जागेवरून, तेवढाच मोठा: "एक हजार रुपये मिळाले." मी गप्प होतो. पैसे आले नाहीत तर बोलायचं नाही, एवढंच मला येतं. पैसे आले नाहीत असं ओरडून सांगायची सोय माझ्यात केलेली नाही.

"मिळाले की चाचा?"

"हौ. घे बाबा, पाच ट्रे. वरची सुटी घे."

मायाप्पा हावरा नव्हता. तीन दिवस खरे पैसे, दोन दिवस नुसता आवाज, असं तो जमवायचा. मी कानाजवळच्या फळीवर असतो तर आवाज पुढून आल्याचं बडेसाबांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण मी रस्त्याकडं तोंड करून होतो.

शाइस्ताच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी ती म्हणाली, "अब्बा, काल तुम्ही सांगितलेत त्यापेक्षा मोबाईलवर हजार कमी दिसतात."

"नेटवर्क असतं ते. येतील उद्या."

"मागच्या आठवड्यातले पण आले नाहीत."

"मुनशी बोललाय बेटी. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

तिनं जेवणाची भांडी आवरायला घेतली. सासऱ्यासमोर किती वेळा बोलायचं, याला त्या घरात मर्यादा होती.

मग एका महिन्यात फंडाचा हप्ता परत गेला. खात्यात पुरेसे पैसे नव्हते. शाइस्ता ते सांगायला आली तेव्हा हारूनही दुकानात होता, टेम्पोतून ट्रे उतरवत. त्यानं तिच्या हातातून मोबाईल घेतला. बडेसाबांनी मनातली बेरीज सांगितली. दोन आकड्यांत मोठी तफावत होती.

"पैसे कुठे गेले?" हारूननं विचारलं.

"आलेच नाहीत. बँकेतून कागद काढून आणा. जमाच नाहीत ते."

हारूननं कागद आणला. त्यावर खरोखरच जमा नव्हते. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, झालं, ती सुटली. तसं झालं नाही. बडेसाब म्हणाले, "मुनशी बोलला म्हणजे पैसे आले. या खात्यात नाहीत, मग दुसऱ्या खात्यात गेले. हे वळवणं घरात कुणाला जमतं?"

जमणारी एकच होती. जिला येतं तिनंच केलं, एवढा सरळ हिशेब. तिचं लग्नाआधीचं मोहोळचं एक खातं होतं. त्यात काही नव्हतं, पण खातं होतं एवढं हारूनला पुरलं.

"अम्माच्या घरी पाठवत होतीस?"

"एक पैसा नाही. खातं उघडून बघा."

"तू मोबाईलमधी काय काय करतीस, आम्हाला काय कळणार? आम्ही अडाणी."

चप्पलवाला आपलं काम सोडून ऐकत होता. समोर दोन बायका थांबल्या होत्या. शाइस्तानं ओढणी सावरली आणि बडेसाबांपुढे जमिनीवर बसली. "अब्बा, एकच मागते. आठ दिवस मला सकाळी दुकानात बसू द्या. कोण येतं, मुनशी कधी बोलतो, मी मोबाईल हातात धरून बघते. आठ दिवसांत नाही दाखवलं तर मी आपणहून जाते."

हे ऐकून मला वाटलं, आता सुटणार. आठ कशाला, दोन सकाळी पुरल्या असत्या.

"चोराला गल्ल्यावर बसवू?" बडेसाब म्हणाले. "गल्ली हसंल मेरेकू."

त्याच टेम्पोतून, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेंच्या शेजारी बसवून, हारूननं तिला मोहोळला सोडलं. चार वर्षांत मूल नाही, हेही त्यानं जाता जाता ऐकवलं. मोबाईल काढून घेतला. चोरी कशी पकडली ते बडेसाब पुढचे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत होते. मायाप्पालाही सांगितलं.

"घरातलीच निघाली?" मायाप्पा म्हणाला. "लई वाईट झालं चाचा. माणसावर इश्वासच ठेवायचा न्हाय." आणि हजाराची अंडी घेऊन गेला.

आता मला चार्जिंगला लावणारं कुणी नव्हतं. एका सकाळी मी बंद पडलो. गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, बोलत नाही हो हा." बडेसाब उठले, खांब चाचपत मला खाली काढलं, जागेवर येऊन मांडीवर घेतलं आणि वायरीचं भोक बोटानं शोधू लागले. ते सापडायच्या आत मोपेड थांबली.

"हजाराची द्या चाचा."

आणि पुढून, रिकाम्या खांबाजवळून, माझा आवाज आला. "एक हजार रुपये मिळाले."

मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांची बोटं माझ्या जाळीवर होती. मी बोलतो तेव्हा जाळी थरथरते. ती थरथरली नाही. बोटं जागच्या जागी थांबली. त्यांचा चेहरा खांबाकडे वळला, मग खाली माझ्याकडे. अंडं अंड्यावर टेकवून तडा ओळखणाऱ्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"मिळाले की चाचा?" मायाप्पानं नेहमीसारखं विचारलं. तो सवयीनं मोबाईलकडेच बघत होता; रिकाम्या खांबाकडे की माझ्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

चप्पलवाला बाहेरच होता. हाक मारायची खोटी, गल्लीनं मायाप्पाला तिथेच धरलं असतं. पण मग गल्लीनं पुढचंही विचारलं असतं. मग सुनेला का काढलं? आठ दिवस मागत होती, ते का दिले नाहीत?

"हौ," बडेसाब म्हणाले. "मिळाले." आणि पाच ट्रे पुढे सरकवले. मग अगदी हळू म्हणाले, "उद्यापासून रोख आण."

मायाप्पा हसला आणि ट्रे घेऊन गेला. तो पुन्हा आला नसेल. त्याला दुसरं दुकान मिळालं असेल.

दुपारी हारून आला. त्याच्या मोबाईलवर मोहोळहून फोन होता. त्यानं तो स्पीकरवर टाकून बापापुढे धरला. शाइस्ता सलाम करून म्हणाली, "अब्बा, काही कळलं का? कोण होतं ते?"

बडेसाबांचा हात अजून माझ्यावरच होता.

"नाही," ते म्हणाले. "काही कळलं नाही."

फोन बंद झाल्यावर त्यांनी मला हारूनच्या हातात दिलं. "हा बिघडलाय. परत करून टाक. दुसरा नक्को."

तेव्हापासून मी कंपनीच्या गोदामात एका पोत्यात आहे. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असं सांगायची रीत आहे. मला जपू नका. मला रोज पुसलंत तरी मी तेवढेच आकडे बोलणार. घरात कुणी चोर ठरला आणि त्यानं आठ दिवस मागितले, तर तेवढे त्याला द्या. आणि तुमच्यापैकी कुणी मोहोळला जाणार असेल तर शाइस्ताला सांगा, तिच्या सासऱ्याला सगळं कळलेलं आहे. मला ते सांगता येत नाही. मला फक्त रुपये सांगता येतात.