सुई मोडली, चहा ठेवा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि तुमच्यावर माझा राग आहे. अशा गोष्टीत ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून मित्रांनो म्हणते. बाकी आपली मैत्री कसली? माझ्या डोक्यावर तुम्ही प्लॅस्टिकची फुले ठेवता आणि पायडलावर चपला. असो. मी स्वतःचे रडगाणे गायला बसलेली नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते, अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. १९७३ साली मला देवळाली कॅम्पातल्या एका ठेकेदाराच्या शेडमध्ये आणले. तिथे आम्ही अकरा मशिनी होतो. जवानांच्या हिरव्या विजारी तिथे शिवल्या जायच्या. कुणी पाय जोडायचे, कुणी कंबरपट्टी लावायची. माझ्यावर विमलाबाई बसे. ती फक्त खिसे शिवायची. अकरा मशिनींचा आवाज एवढा, की बोलायचे तर ओरडावे लागे. बायका खुशाल ओरडत. कुणाच्या पोराला गोवर आला, कुणाची सासू रुसली, हे विजारीबरोबर हातोहात शेडभर फिरे.

शेडचा एक कायदा होता. जिची सुई मोडेल तिने सगळ्यांसाठी चहा ठेवायचा. सुई ‘कट्’ झाली, की बाकीच्या दहाजणी एका सुरात ओरडत, “सुई मोडली, चहा ठेवा!” विमलाबाईच्या शेजारी साळूबाई बसे. तिची सुई कधी मोडतच नसे, म्हणून सगळ्या तिला चिंगूस म्हणत.

१९८१ साली ठेकेदाराने शेड बंद केली आणि मशिनी बायकांच्या घरोघरी पोचवल्या. दर शनिवारी मुकादम सहादू कापडाचे गठ्ठे आणून टाकी आणि शिवलेला माल घेऊन जाई.

“घरबसल्या काम, विमलाबाई! ना ऊन, ना पाऊस. नशीब लागतं याला,” तो म्हणाला.

शेजारची मालनबाईही म्हणाली, नशीब लागतं. विमलाबाईचा नवरा पुंजाराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होता. सकाळच्या बसने जाई तो दिवेलागणीला परते. तोही म्हणाला, नशीब लागतं. एकुलती एक मुलगी घोटीला नांदत होती. तिनेही पत्रातून तेच कळवले. असल्या नशिबाला जाळायचे काय?

घरात विमलाबाई, मी आणि खिसे. पाय शिवणारी दुसऱ्या गल्लीत, कंबरपट्टीवाली तिसऱ्या गल्लीत. तीन वर्षांत विमलाबाईच्या नजरेला एक अख्खी विजार पडली नाही. पहिल्या वर्षी ती माझ्याशी बोलायची. दुसऱ्या वर्षी तेही थांबले. वेणी दोन-दोन दिवस तशीच राही. दुपारची भाकरी टोपलीत वाळून जाई. माझी बडदास्त मात्र बघा! पुंजाराम दर रविवारी मला तेल पाजी, फडक्याने पुसून लख्ख करी. सहादू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, “लय गुणाची मशीन!” ज्याने त्याने मला पाहिले. मला चालवणारी बाई कुणाला दिसली नाही.

पुढे तर ती कापड न घालताच पायडल मारू लागली. तासन् तास. मशीन थांबली, की भिंतीपलीकडून मालनबाई विचारी, “आज काम नाय का गं?” उत्तर द्यायला नको, म्हणून ही मला रिकामी पळवी.

मग तो शनिवार आला. सहादूने गठ्ठा सोडला आणि कपाळाला हात लावला. सगळे खिसे चारही बाजूंनी शिवलेले. हात घालायला जागाच नाही.

“हे काय करून ठेवलं, बाई? जवानांनी हात कुठं घालायचे? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?”

तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

पुंजारामाने तिला डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी लाल टॉनिक दिले. घरी आल्यावर पुंजाराम म्हणाला, “सावलीत बसून काम हाय तुझं. मी तिकडं भट्टीपाशी राबतो. तुला झालंय तरी काय?”

“काय नाय झालं,” ती म्हणाली.

सोमवारी तो कामावर गेला. ती माझ्यासमोर बसली आणि माझ्या चाकावर कपाळ टेकून हळूच म्हणाली, “मी नसले तरी कुणाचं काय अडतंय गं?”

ते ऐकून मी भ्याले. हो, लोखंडही भिते. आणि भीतीपेक्षा मला संताप आला जास्त. एवढ्या मोठ्या कॅम्पात माणसे नव्हती का, की ही गोष्ट तिने एका मशिनीला सांगावी?

तिने कापड सरकवताच मी ते तिरके ओढले. सुई पट्टीवर आदळली. कट्!

विमलाबाई दचकली आणि सवयीने मोठ्याने बोलून गेली, “सुई मोडली, चहा ठेवा!”

घर गप्प. कुणी ओरडले नाही, कुणी हसले नाही. ती इकडेतिकडे बघत राहिली. मग हुंदके देऊन रडली. कितीतरी महिन्यांनी रडली.

तिने दुसरी सुई लावली. मी तीही मोडली. तिसरी शेवटची होती. तीही मोडली. गुणाची मशीन म्हणे! आता सहादू येणार शनिवारी, आणि गठ्ठा तर तसाच पडलेला. तिने तोंड धुतले, वेणी घातली आणि सुई मागायला तीन गल्ल्या ओलांडून साळूबाईकडे गेली.

पुढचे मला त्या दोघींच्या तोंडून कळले. दारात जाऊन ही म्हणाली, “जयभीम, आक्का. सुई मोडली.”

साळूबाईच्याही अंगावर मळके लुगडे, केस तसेच सुटलेले. ती म्हणाली, “मग चहा तुझ्याकडं. साखर काढ फळीवरची. परवापासून मी कुणाशी बोलले नाय बघ. माझी सुई मोडत नाय ना मेली!”

दोघी किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. गठ्ठा त्या दिवशी उघडलाच नाही.

त्याच आठवड्यात मला हातगाडीवर घालून साळूबाईच्या ओसरीवर नेले. मग कंबरपट्टीवाली सुलाबाई आली. दिवाळीपर्यंत आम्ही पाच मशिनी झालो. सहादू कुरकुरला, “गप्पा हाणत बसतील, माल कमी निघंल.” निघाला थोडा कमी. मग? जवान काय उघडे फिरले? विमलाबाई लगेच बरी झाली नाही, वर्ष लागले. मधूनच गप्प व्हायची. तसे झाले, की साळूबाई, ती चिंगूस साळूबाई, मुद्दाम आपली सुई मोडायची.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, की आमची निगा राखा. मला तुमचे तेल नको. तुमच्या घरात, शेजारी, भिंतीपलीकडे कुणीतरी एकटे बसून काम करते आहे. कामाचा आवाज येतोय म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजू नका. मी तीन वर्षे तोच आवाज करत होते. उठा, त्याचे दार वाजवा आणि चहा ठेवा. सगळ्यांच्याच घरात सुई मोडणारी मशीन नसते.

आणि जाताना त्या चपला उचला.