माझं लाल टोक आधी का झिजलं

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी. एके काळी माझी दोन्ही टोकं सारखीच लांब होती. आज लाल बाजू नखाएवढी उरली आहे, आणि ती कशी झिजली हे सांगताना अजूनही माझा संताप होतो.

१९५८ साली मद्रासहून सेतुमाधव नावाचे साहेब मला खिशाला लावून तंजावूरला आले. कालव्याकाठच्या एका भात-गिरणीत कोण किती वेळ काम करतं, याचा तक्ता त्यांना करायचा होता. दर पाव तासाला एक चौकट. माणूस कामात असला की निळी, रिकामा असला की लाल. किती सोपं! खळ्याच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत साहेबांनी खुर्ची टाकली आणि मी कामाला लागले.

खळ्यावर हिराबाई होत्या. उकडलेलं भात उन्हात पसरायचं, पायांनी ओळी पाडत हलवायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. पण मधेच त्या सगळं भात ढिगाला लावून गोणपाटाने झाकायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. अधूनमधून एखादा दाणा दाताखाली धरायच्या. साहेबांनी मला उलटं केलं. लाल. पुन्हा लाल. दाण्याच्या चौकटीपुढे तर 'मालकाचं भात खाते' असा शेराही मारला. बाई, हे काय करताय, एवढं विचारायला यांचं काय जात होतं?

चार दिवसांत तक्ता पुरा झाला. मालक सीतारामरावांनी तो भिंतीवर लावला आणि हिराबाईंना बोलावून सांगितलं, "उद्यापासून येऊं नका."

"अय्यो! मी बसतें, पण नेल्लु बसतें काय?" भाताला त्या नेल्लु म्हणत. "एकसारखें ऊन दिलें तर दाणा आंतून फुटतो. झांकून निववावें लागतें. दाताखालीं धरल्याशिवाय कसें कळेल, राव?"

"तक्त्यात तसं काही दिसत नाही," साहेब म्हणाले.

दिसणार कुठून? तशी चौकटच त्यांनी आखली नव्हती. वर म्हणतात, पेन्सिल खोटं बोलत नाही! माझ्याकडून खोटं वदवलं, मित्रांनो, आणि पुन्हा साक्षीलाही मलाच उभं केलं.

साहेब मला मालकांच्या मेजावर विसरून मद्रासला गेले. इकडे खळ्यावर भात दिवसभर सलग तापू लागलं आणि गिरणीतून अख्ख्या तांदळाऐवजी कणीच पडू लागली. पोत्यामागून पोतं, नुसती कणी. आठव्या दिवशी सीतारामराव स्वतः हिराबाईंच्या दारी गेले.

त्या आल्या, पण खळ्यावर गेल्या नाहीत. सरळ तक्त्यासमोर उभ्या राहिल्या.

"आधीं माझें लाल काढा. मग खळ्यावर पाय ठेवतें."

रबराने ते जाईना. मालकांनी मला उचललं आणि निळं टोक लालवर घासायला सुरुवात केली. त्यांच्या कपाळाला घाम आला. चौकटी काही निळ्या झाल्या नाहीत, काळपट जांभळ्या झाल्या. 

"राहूं दे," शेवटी हिराबाई म्हणाल्या. "भिंतीवर असेंच राहूं दे. उद्यां दुसरा कोणी रंगवायाला आला तर त्याला दाखवा."

मग त्या खळ्यावर गेल्या, भात ढिगाला लावलं, गोणपाट घातलं आणि सगळ्यांच्या देखत शेजारी बसल्या.

मित्रांनो, एक दिवस तुमच्याही हाती अशी पेन्सिल येईल. समोर कोणी बसलेलं दिसलं तर खुर्चीवरून उठा, जवळ जा आणि विचारा. माझं कोणतं टोक टेकवायचं ते नंतर ठरवा. एकदा लाल केलेली चौकट मला निळी करता येत नाही. मी करून पाहिलं आहे.