थांब्यावरची बाकडी आणि मंत्रलेला तांदूळ

एसटी थांब्यावरचं तिसरं लोखंडी बाकडं चोरीला गेलं, तेव्हा आमच्या वाडीने पोलिसांना फोन केला नाही, देवरुशी बोलावला. रविवारी सकाळी थांब्यालगतच्या भैरवनाथाच्या मंदिरासमोर सगळी वाडी जमली. सरपंच भिमाजी पुढे, आणि शाळेत सहावीला विज्ञान शिकवणारा मी त्यांच्या शेजारी.

देवरुशाने परातीतल्या तांदळावरून हात फिरवला. "ह्यो तांदूळ मंत्रलेला हाय, राव. खऱ्याच्या तोंडात भिजंल, चोराच्या तोंडात कोरडा ऱ्हाईल. चोर सात समुद्रापल्याड पळाला तरी ह्यो हुडकून काढंल." सात समुद्र राहू द्या, याला आमची वाडीच सापडत नव्हती. वाडीतला पप्पू मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला होता.

थांब्यासमोर ज्यांची घरं, ते बारा जण रांगेत. मी चौथा. चिमूटभर तांदूळ चावायचा आणि पानावर थुंकायचा. माझा ओला निघाला आणि मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी म्हाळसाबाई, सत्तरीची धनगरीण, झोपडीत एकटी राहणारी. तिच्या पानावर कोरडा भुगा पडला.

"घावली," देवरुशी म्हणाला.

"मेंढरामागं फिरणारी माणसं. त्यांचं काय सांगावं?" मागून कोणीतरी बोललं. त्याला कोणी गप्प केलं नाही. मीही नाही.

"उद्यापातूर बाकडी आण," भिमाजी म्हणाले, "न्हाईतर झोपडी सोड." एक बाकडं हलवायला चार गडी लागतात. तशी तीन या बाईने नेली, हे साऱ्यांना पटलं होतं.

तेवढ्यात गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका मंगलताई गर्दीतून पुढे आल्या. "आजी, सकाळपासनं पाणी घेतलंय का?"

"न्हाई गं. रईवारचा खंडोबाचा निरंकार उपास."

मंगलताईंनी देवरुशापुढे कापसाचा बोळा धरला. "महाराज, यानं तोंड आतून पुसा आणि तुमचाच तांदूळ चावा." महाराजांना अचानक आठवलं की मंत्र स्वतःवर चालवायचा नसतो. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, लाळ तुमीच शिकवता ना पोरांना?"

मी कापसाने जीभ, गाल पुसले, तांदूळ चावला, थुंकला. कोरडा.

"माणूस भ्यालं, उपाशी-तहानेलं राहिलं की लाळ आटते," मी म्हणालो. "तांदळाला चोर कळत नाही." हे मी रांगेत उभं राहण्याआधी सांगायला हवं होतं.

देवरुशी पप्पूसाठीही न थांबता चालू लागला. भिमाजींनी झोपडीचं बोलणं मागे घेतलं. दुपारी उरलेली बाकडी पाहिली, तर पाय नुसते मातीवर टेकवलेले. देवाच्या दारातलं कोण नेतंय, म्हणून कोणी ते पक्के बसवलेच नव्हते. आम्ही ते दीड फूट काँक्रीटमध्ये गाडले आणि पोलिसांत तक्रार दिली.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. म्हाळसाबाईने बसायला घोंगडी टाकली.

"मास्तर, तुमाला आधीच ठावं व्हतं?"

"व्हय, आजी."

"मंग बोलला का न्हाई?"

चोर अजून सापडलेला नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो, की बाकडी जमिनीत घट्ट बसवा, चोरी झाली तर पुरावा शोधा, आणि मंत्राच्या नावाखाली कोणाला रांगेत उभं केलं तर ठाऊक असलेलं तिथेच बोला. मला ठाऊक होतं, आणि मी एका म्हातारीला चोर ठरू दिलं.