सव्वाशे वर्षांचा कुत्रा

जनावरांच्या दवाखान्यातल्या नोंदणीबाईंना एक वेळ काहीही चाललं असतं, पण सॉफ्टवेअर विकायला आपलेच जावई यावेत, हे काही केल्या पचत नव्हतं. दुसरा कुणी विक्रेता असता तर त्याला त्यांनी दारातच असा फैलावर घेतला असता की तो पुन्हा या गल्लीत फिरकला नसता. जावयापुढे मात्र तोंडाला कुलूप.

दवाखान्यात नऊ वर्षं एक मोफत सॉफ्टवेअर चालत होतं. त्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा, घेऊन जावा. देशोदेशीची वीस-बावीस माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते जगवत होती आणि त्यांत या नोंदणीबाईही होत्या. ‘चावतो का?’ हा रकाना त्यांनीच भांडून घालून घेतला होता. आज मोठ्या डॉक्टरीणबाई कंपनीच्या करारावर सही करणार, म्हणजे उद्यापासून बाईंचं हे नऊ वर्षांचं लेकरू घराबाहेर. सकाळपासून त्यांना चहासुद्धा गोड लागला नव्हता.

“आई, तुम्ही नुसत्या बसा,” जावई म्हणाले. “जुन्या नोंदी मीच काढून घेतो. आमच्याकडे सगळं आपोआप होतं.”

झालंही आपोआप. पडद्यावर पहिला कुत्रा आला. वय वर्षं सव्वाशे. दुसरा कुत्रा, सव्वाशे. मग मांजरं, ससे, एक कासव, झाडून सगळी सव्वाशेची.

“कासवाचं मला पटतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जावयांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, कोपऱ्यात जाऊन कुजबुजले आणि परत येऊन उसनं हसत म्हणाले, “आमचे तज्ज्ञ दहा मिनिटांत सांगतात.”

तीन मिनिटांत बाईंचा मोबाइल थरथरला. मोफत सॉफ्टवेअरवाल्यांच्या फोरमवर, म्हणजे अडलेल्यांनी विचारायच्या त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर, नवा प्रश्न आला होता. “फार घाई आहे. तुमच्याकडच्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्या, तर सगळ्या जनावरांचं वय सव्वाशे दिसतंय. समोर गिऱ्हाईक बसलंय. कृपा करा!”

बाईंना हसू आवरेना. त्यांनी लसीकरणाचं रजिस्टर तोंडापुढे धरलं. हे कंपनीचे तज्ज्ञ! उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. दवाखान्यात कुणाचीच जन्मतारीख लिहीत नसत, नुसतं अंदाजे वय; त्या रिकाम्या रकान्यांत यंत्राने जुन्यात जुनी, थेट एकोणीसशे सालची तारीख चिकटवली होती, एवढंच. नुसतं दहा मिनिटं गप्प बसलं की काम फत्ते. फोरमवरची बाकीची मंडळी या वेळी एकतर कामावर, नाहीतर झोपेत.

पण त्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत नियम होता: विचारणारा कोण, हे बघू नये, आधी उत्तर द्यावं. तो लिहिणारीही हीच शहाणी. समोर जावई रुमालाने कपाळ पुसत होते. शेवटी लेकीचा नवरा तो. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घालून बाईंनी टाइप केलं: “नोंदी बाहेर काढताना ‘रिकामी तारीख रिकामीच ठेवा’ यावर खूण करा.”

लगेच जावयांचा फोन वाजला. खूण झाली आणि कुत्रे पुन्हा तरुण झाले. डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. बाईंनी रजिस्टर पुन्हा तोंडापुढे धरलं.

“एक करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ज्यांनी हे सांगितलं, त्या तज्ज्ञांचं नाव करारात घाला. उद्या काही अडलं तर मला तेच हवेत.”

जावयांनी मोठ्या ऐटीत फोन स्पीकरवर टाकला. मदतकेंद्रातली मुलगी आधी आढेवेढे घेऊ लागली, मग म्हणाली, “खरं सांगू का साहेब? आपले तज्ज्ञ रजेवर आहेत. त्या मोफतवाल्यांच्या फोरमवर मांजरमावशी म्हणून कुणीतरी आहेत, त्यांनी सांगितलं. आम्ही नेहमी त्यांनाच विचारतो.”

दवाखान्यात बाईंना मांजरमावशी या नावाने न ओळखणारं कुणीच नव्हतं. घरातही.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. “अडलं की मांजरमावशीच येणार असतील, तर त्या माझ्याकडे आहेतच.”

बाईंना नाचावंसं वाटलं. पण जावई मान खाली घालून लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. त्या फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

“प्रश्न माझा आहे हे कळलं होतं तुम्हाला?” जावयांनी विचारलं.

“समोर बसूनच तर वाचला.”

“मग गप्प बसायचं ना, आई. मी तोंडावर आपटलो असतो.”

“बसले होते हो गप्प. दोन मिनिटं. फार जड गेली.”

जावयांना हसू फुटलं. “उद्या दुसऱ्या दवाखान्यात दाखवायचंय. अडलं तर थेट तुम्हालाच फोन करतो.”

“फोन नको, जावईबापू,” बाई म्हणाल्या. “तिथंच लिहा, सगळ्यांसमोर. आणखी कुणाचा कुत्रा सव्वाशेचा झाला असेल, त्यालाही कळेल.”